मॅक्लोडगंजची एक गच्ची

त्रिउंड चढलो, भागसूचा धबधबा पाहिला, मोमो खाऊन पोट बिघडवून घेतलं. २००७ च्या त्या सहलीबद्दल एवढं पुरे. मला सांगायचंय ते एका गच्चीबद्दल.

आमच्या गेस्टहाउसच्या दारावर ‘इंटरनेट २४ तास’ अशी पाटी होती. वीज मात्र दिवसातून चारदा जायची आणि मालक दर वेळी ‘बस, पाँच मिनट’ म्हणायचा. तिसऱ्या दिवशी वैतागून वर गेलो, तर शेजारच्या छपरावर एक तिबेटी तरुण पेटी उघडून बसलेला, आणि अँटेनाच्या दांड्याला एक माकड लोंबकळतंय. ‘असली टेस्टिंग यही करता है,’ तो म्हणाला.

पेटीत निघाला लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी, तेव्हाचा घरगुती वापराचा तो निळा-काळा राउटर! २००३ साली त्याच्या आतल्या लिनक्सचा सोर्स कोड कंपनीला खुला करावा लागला, त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरमध्ये घालायचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं, आणि धरमशाळा गावातल्या (मॅक्लोडगंज हा त्याचाच वरचा भाग) मंडळींनी हा राउटर आपल्याला हवा तसा बदलून घेतला. जानेवारी २००५ च्या अखेरीस घराबाहेरचं वायफाय परवानामुक्त झालं. फेब्रुवारी संपेपर्यंत अशा पेट्यांच्या बिनतारी जाळ्याने इथली आठ संकुलं जोडून झाली होती. पुढे अशा पेट्या तिसाच्या वर गेल्या.

हे जाळं कसं चालतं ते मला चाळीत वाढल्यामुळे चटकन कळलं. आमच्याकडे निरोप गॅलरी-गॅलरीतून जायचा. मधल्या काकू बाजारात गेलेल्या असल्या, तर पलीकडच्या मामी तो पुढे पोचवायच्या. कुणी नेमून दिलेलं नसायचं. इथे मध्ये डोंगर, त्यामुळे एकाच टॉवरवरून सगळी घरं दिसणार नाहीत. वीज जाऊन एक पेटी मुकी झाली, की निरोप आपसूक दुसरी वाट धरतो. पण सगळ्या पेट्यांचं चॅनेल, म्हणजे रेडिओलहरींचा पट्टा, एकच. शेजारी बोलत असताना गप्प बसायचं, नीट ऐकायचं, मगच पुढे सांगायचं; त्यामुळे दर टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. बोलताना थांबणं आमच्या चाळीला काही जमलं नसतं.

गेस्टहाउसमध्ये नेट का जातं, तेही तिथेच उलगडलं. जाळं चालूच असायचं. मालकाच्या कॉम्प्युटरला बॅटरी नव्हती.

त्या तरुणाच्या लॅपटॉपवरून भावाला मेल केला, ‘आईला सांग, सुखरूप पोचलो.’ परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची होती.