कुलाब्याचं अफगाण चर्च आणि भिंतीवर न मावलेली नावं

कुलाब्याला जाणारे बहुतेक जण कॉजवेवरच रेंगाळतात. तिथून पुढे नेव्ही नगरच्या रस्त्याला लागलं की झाडांच्या वर एक उंच दगडी सुळका दिसू लागतो. तेच अफगाण चर्च. कागदोपत्री नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून उपयोग नाही. जवळपास १९८ फुटांचा हा सुळका एके काळी बंदरात शिरणाऱ्या जहाजांसाठी लांबून दिसणारी खूण होता.

जायचं तर सकाळीच जा. पूर्वेच्या खिडक्यांमागे ऊन हवं.

आत शिरल्यावर आधी काही दिसत नाही, इतका फरक बाहेरच्या आणि आतल्या उजेडात आहे. मग हळूहळू कमानी दिसतात, बाकांच्या रांगा दिसतात आणि समोर वेदीच्या वरच्या उंच, अरुंद, टोकदार खिडक्या पेटल्यासारख्या उजळतात. या काचा इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या विल्यम वेल्सच्या कारखान्यातल्या. पूर्वेच्याही त्याच्याच, पश्चिमेच्याही. चर्च १८५८ साली खुलं झालं. सुवेझ कालवा त्यानंतर अकरा वर्षांनी आला. त्या काळात एवढी नाजूक वस्तू इथवर सुखरूप आणणं म्हणजे काय दिव्य असेल!

मी बराच वेळ नुसती काच बघत बसले. स्टेन्ड ग्लासमध्ये, म्हणजे अशा रंगीत काचचित्रांत, निळा किंवा हिरवा रंग वरून दिलेला नसतो. काच वितळलेली असतानाच त्यात धातूंची संयुगं मिसळतात. लाल रंगाची गोष्ट निराळी. पूर्ण जाडीची लाल काच जवळजवळ काळीच दिसते, म्हणून साध्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवतात. चेहरे, बोटं, वस्त्रांच्या चुण्या मात्र कुंचल्याने काढलेल्या असतात. तो रंग भट्टीत भाजून काचेत पक्का करतात. मग सगळे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे. लांबून या पट्ट्या चित्राच्या रेषाच वाटतात. माझ्या पायाजवळच्या फरशीवर लाल उजेडाचा एक तुकडा पडला होता. बाहेर वाऱ्याने फांदी हलली की तो विझायचा, पुन्हा लागायचा.

पूर्ण इमारतच स्मारक आहे, खिडक्यांसकट. १८३८ ते १८४२ च्या, इंग्रजांच्या पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमांत मेलेल्यांसाठी ती उभारली. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारची फौज १८३८ च्या अखेरीस समुद्रमार्गे सिंधला उतरली, बोलन खिंडीतून वर चढली, आणि जुलै १८३९ मध्ये अफगाणिस्तानातला गझनीचा किल्ला पडला तेव्हा तिथे होती. वाटेत तलवारीइतकंच उन्हाने आणि तापाने माणसं मारली.

वेदीजवळच्या भिंतीवर अधिकाऱ्यांची नावं आहेत. त्यांच्याखाली जो मजकूर आहे, तो वाचून मी थबकले. त्याचा आशय असा: ज्यांची नावं वर लिहिली आहेत त्या अधिकाऱ्यांच्या, आणि संख्येने फार असल्यामुळे ज्यांची नावं अशी नोंदवता आली नाहीत त्या हवालदार-शिपायांच्या स्मरणार्थ. कर्तव्याला जागून ते आजाराने किंवा तलवारीने पडले.

संख्येने फार! मला याचा रागही आला आणि गलबलूनही आलं. निदान लिहून तरी ठेवलं, असंही मनात आलं, पण त्याने समाधान होईना. ही माणसं गोऱ्या पलटणींतली होती, तशीच आपल्याकडचीही. मुंबईच्या देशी पलटणींत तेव्हा कोकणातले आणि देशावरचे मराठे होते, महार होते, कोकणातले बेने इस्रायली ज्यू होते, उत्तर हिंदुस्थानातून आलेले, ज्यांना इथे 'परदेशी' म्हणत, तेही होते. १८४० च्या उन्हाळ्यात पाचव्या मुंबई पलटणीची एक तुकडी बलुचिस्तानात मरी टोळीवाल्यांच्या मुलखातल्या काहनच्या गढीत वेढली गेली. सुटकेला आलेली फौज नफुस्कच्या खिंडीतून मार खाऊन परतली. तरीही आतल्यांनी सप्टेंबरच्या अखेरपर्यंत गढी सोडली नाही, आणि शेवटी बोलणी करूनच ते बाहेर पडले. तीच पलटण पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीची 'काळी पाचवी' झाली. बेळगावला किंवा साताऱ्याच्या एखाद्या फौजी गावात हे नाव काढलं की आजही लोकांची मान ताठ होते.

बाकांना बंदुका टेकवण्यासाठी केलेल्या खाचा आहेत, त्याही जरूर बघा. छावणीतले सैनिक हत्यारं घेऊनच प्रार्थनेला येत. वेदीमागची सजावट इंग्रज वास्तुकार विल्यम बटरफील्डची. जाणकार तिच्यासाठी मुद्दाम येतात. माझं लक्ष काही तिथे लागलं नाही.

वाचकांकडे एक मागणं आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूर, कुठलंही गाव असो, तुमच्या घरात काबूल-कंदाहारच्या स्वारीवर गेलेल्या आणि परत न आलेल्या पूर्वजाची आठवण सांगत असतील, देवघरात त्याचा टाक असेल किंवा भाटाच्या वहीत नोंद असेल, तर त्याचं नाव मला कळवा. एकेक करून ती नावं मला लिहून काढायची आहेत.