तुम्ही विचारलंत म्हणून : थंडीत २०० किलोमीटरची तयारी

दिवाळी सरली आणि पहाटे गारवा जाणवू लागला की हा प्रश्न हमखास येतो : "रविवारी पन्नास-साठ किलोमीटर आरामात होतात. जानेवारीत २०० ची ब्रेव्हे करायचीय. तयारी कशी करू?" (ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल-राईड.) विचारणाऱ्याला बहुतेक वेळा सायकल कोणती, टायर कोणता हे ऐकायचं असतं. मी आधी हवेबद्दल बोलतो, कारण इथे गणित चुकतं ते तिथेच.

पुणे, नाशिक, सातारा या भागात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी दोनला ३० च्या घरात जातो. कोकणात एवढा फरक पडत नाही, देशावर पडतो. म्हणजे एकाच राईडमध्ये तीन-चार तास थंडी आणि पाच-सहा तास ऊन. थंड देशांतले सराव-तक्ते, जाड जॅकेटं, बुटांवरची आवरणं यांचा आपल्याला फारसा उपयोग नाही. आपल्याला तयारी त्या वीस अंशांच्या फरकाची करायची असते.

आणि नेमकी तीच राहून जाते. बरेच जण पहाटे पाचला निघून नऊला घरी येतात आणि दहा आठवडे तसाच सराव करतात. पाय तयार होतात, पण अकरा ते दोनचं ऊन अंगावर घेऊन पेडल मारायची शरीराला सवय होत नाही. मग ब्रेव्हेच्या दिवशी १२० किलोमीटरवर डोकं जड होतं, पोटात ढवळतं आणि सगळा दोष फिटनेसवर जातो. म्हणून शेवटच्या महिना-दीड महिन्यातल्या किमान तीन लांब राईड सकाळी सहाला सुरू करा आणि दुपारी एक-दोनपर्यंत रस्त्यावर राहा.

रविवारची अंतरं मी अशी सुचवतो : ६०, ७५, ९०, मग मुद्दाम ६०. नंतर १००, १२०, पुन्हा खाली ८०, मग १५०, त्यानंतर ६० आणि दहाव्या रविवारी ब्रेव्हे. दीडशेच्या पुढे सरावात जायची गरज नाही. १५० नीट झाले, दुसऱ्या दिवशी जिना चढता आला, तर २०० होतात. मधले कमी अंतराचे रविवार वगळू नका, स्नायू आणि गुडघ्याभोवतीचे स्नायुबंध त्याच आठवड्यात सावरतात. मंगळवार आणि गुरुवारी एकेक तास पुरतो. त्यातल्या एका दिवशी चढावर आठ-आठ मिनिटांचे तीन जोरदार टप्पे आणि मध्ये चार मिनिटं हलकं पेडलिंग. जोर इतका की दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये. रविवारी मात्र शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. पुण्याच्या मध्यातून दिवेघाट, सासवड, जेजुरी आणि परत हा साधारण १०० किलोमीटरचा रस्ता यासाठी चांगला, कारण घाट सुरुवातीला येतो आणि परतीला ऊन लागतं.

आता वेळ. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमानुसार २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटं मिळतात. चालत्या सायकलचा सरासरी वेग २० असेल तर पेडलिंगला १० तास लागतात आणि थांबायला साडेतीन तास उरतात. वेग १८ वर आला तर ११ तास ७ मिनिटं जातात, उरतात जेमतेम २ तास २३ मिनिटं. नवख्यांचा वेळ सायकलवर जात नाही, टपरीवर जातो. घोळक्यात चहाला थांबलात की चाळीस मिनिटं गेलीच म्हणून समजा. कंट्रोलवर, म्हणजे वाटेत जिथे शिक्का घ्यावा लागतो तिथे, पंधरा मिनिटं धरा : शिक्का, पाणी, लघवी, खाणं आणि निघा. सकाळी दहापर्यंत वारा पडलेला असतो, पुढे हेडविंड, म्हणजे समोरून येणारा वारा, लागू शकतो. म्हणून दहाच्या आत ७०-७५ किलोमीटर पदरात पडलेले बरे.

यात एक धोका आहे. गारव्यात दम लागत नाही आणि सुरुवातीलाच वेग वाढतो. पहिली ४५ मिनिटं हलक्या गिअरवर, मिनिटाला ८५-९० फेरे ठेवून चालवा. गार गुडघ्यांवर जड गिअर रेटला की वाटीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. पुढे दुखत असेल तर सीट खूप खाली नाही ना हेही तपासा. गुडघ्याच्या मागे दुखत असेल तर सीट बहुधा जास्त वर आहे. टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वांत खाली नेलं की पाय अगदी सरळ झाला पाहिजे, ही सुरुवातीची उंची.

कपड्यांत जाडीपेक्षा काढता-घालता येणं महत्त्वाचं. निघताना थोडं कुडकुडायलाच हवं, दहा मिनिटांत अंग तापतं. सुती बनियन घालू नका. ते घाम शोषून ओलंच राहतं. आतून ड्रायफिट, वर जर्सी, हातांवर आर्म स्लीव्हज, कानांवर बफ (ताणला जाणारा कापडी पट्टा), पूर्ण बोटांचे ग्लोव्हज आणि मागच्या खिशात मावेल असं पातळ विंडचीटर, एवढं पुरतं. बोटं गारठली की ब्रेक उशिरा दाबला जातो, म्हणून ग्लोव्हजवर काटकसर नको. विंडचीटर घाटाच्या पायथ्याशी काढायचं आणि माथ्यावर, उतरायच्या आधी घालायचं. बहुतेक जण उलटं करतात. चढताना आत घामाने भिजतात आणि कात्रजच्या जुन्या घाटातून शिंदेवाडीकडे उतरताना तोच घाम वाऱ्याने गार होऊन छाती गारठते. विंडचीटर नसेल तर जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्राची दुहेरी घडी घाला. जुना उपाय आहे आणि अजून चालतो.

पाण्याबाबत शरीर थंडीत फसवतं. गारव्यात तहान कमी लागते, लघवी जास्त होते आणि कोरड्या हवेत घाम दिसायच्या आधीच उडून जातो. त्यामुळे नऊ-दहापर्यंत तहानेवर विसंबू नका. दर पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट, तासाला साधारण अर्धा लिटर. ऊन चढल्यावर पाऊण ते एक लिटर. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठीच असते. चव आवडते म्हणून अर्ध्या लिटरच्या बाटलीत ती पूर्ण टाकली तर द्रावण दाट होऊन मळमळतं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ. नुसतं साधं पाणी दिवसभर ढोसणंही चूक आहे. रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, बोटं सुजतात.

खाणं तासाला ५० ग्रॅम कर्बोदकं या हिशोबाने. एका मध्यम केळ्यातून सुमारे २५ ग्रॅम मिळतात. दोन केळी, किंवा एक केळं आणि चार खजूर, असं तासाचं गणित मांडा. पहिला घास निघाल्यापासून ४५ मिनिटांच्या आत. शेंगदाण्याची चिक्की उत्तम, पण तिच्यातलं तेल पचायला वेळ लागतो, म्हणून ती चढाच्या तोंडावर नको. मिसळ आणि वडापाव ब्रेव्हे संपल्यावर. राईडमध्ये रक्त पायांकडे वळलेलं असतं आणि तेलकट खाणं पोटात तसंच बसून राहतं. अचानक पायातली ताकद गेली, चिडचिड झाली, हात थरथरले तर साखर संपलीय असं समजा. गूळ किंवा गोड पेय घ्या आणि वीस मिनिटं अगदी हळू चालवा.

सायकलबद्दल थोडंच. पहाटे १० अंशांत ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेला टायर दुपारी ३० अंशांत ८६-८७ वर जातो, तापलेल्या डांबरावर आणखी थोडा वर. म्हणून कमाल मर्यादेपर्यंत हवा भरू नका. ७० किलोच्या माणसाला २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये पुढे ७० आणि मागे ७५ पुरे. हायवेच्या कडेला फुटलेल्या ट्रकच्या टायरच्या केसासारख्या बारीक तारा पडलेल्या असतात. पंक्चर झाल्यावर नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून कापड फिरवा. ते जिथे अडकेल तिथे तार किंवा बाभळीचा काटा असतो, तो चिमट्याने ओढून काढा. हे टाळलं तर दोन किलोमीटरवर दुसरी ट्यूबही जाते. दोन ट्यूब, पॅच, टायर उचकायच्या दोन लिव्हर, पंप, मल्टीटूल आणि तुटलेली साखळी जोडायला एक क्विक लिंक सोबत हवी. पावसाळ्यातलं दाट तेल साखळीवरून पुसून काढा, धुळीत त्याचा लगदा होतो. कोरड्या हवामानाचं ल्यूब एकेका कडीवर थेंबभर घालून, मुरू द्या आणि बाहेरचं पुसून टाका.

दिव्यांचा विचार मात्र पूर्ण गांभीर्याने करा. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो आणि सव्वासहाच्या सुमारास मावळतो. सहाला सुटणाऱ्या ब्रेव्हेची वेळ साडेसातला संपते, म्हणजे दोन्ही टोकांना तासाभराचा अंधार. त्यात नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत गाळप हंगाम असतो. बारामती, नीरा, फलटणच्या पट्ट्यात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या ऊस लादून जातात. कित्येकांना मागे रिफ्लेक्टर नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला असतो. अशी ट्रॉली बंद पडून रस्त्यातच उभी असेल, तर साध्या दिव्यात ती वीस फुटांवर आल्यावरच दिसते. पुढचा दिवा ४०० ल्युमेनच्या खाली नको. मागचा लाल दिवा स्थिर ठेवा, लुकलुकणाऱ्या दिव्यावरून मागच्या चालकाला अंतराचा अंदाज नीट येत नाही. दुसरा मागचा दिवा चार्ज करून पिशवीत ठेवा. संध्याकाळी साडेपाचला, उजेड असतानाच थांबून रिफ्लेक्टिव्ह जाकीट आणि दिवे तपासा, आणि पुन्हा गारवा सुरू होतो म्हणून स्लीव्हजही तेव्हाच चढवा. ट्रॉलीला ओव्हरटेक करायचं असेल तर समोरचा रस्ता पूर्ण मोकळा दिसेपर्यंत मागेच राहा, चार-पाच मिनिटं गेली तरी चालतील. टपरीवर वाचवलेला वेळ इथे खर्च करा.