सहा महिने

शनिवार, रात्रीचे सव्वाअकरा

परवा डॉक्टरांनी विचारले, "हा त्रास कधीपासून होतोय?" आणि मी पटकन सांगून टाकले, "सहा महिने झाले असतील." त्यांनी केसपेपरवर निळ्या शाईने ते लिहून घेतले आणि पुढचा प्रश्न विचारला. वास्तविक हा त्रास धाकटीच्या जन्मापासूनचा आहे, म्हणजे चौदा वर्षांचा. खोटे बोलायचे असे ठरवून मी गेले नव्हते. उलट महिनाभर मनाशी उत्तरांची जुळवाजुळव करून, अर्ध्या दिवसाची रजा टाकून परळला गेले होते. दोन दिवस झाले, तरी ते सहा महिने डोक्यातून जात नाहीत.

बाकी सगळे मी खरे सांगितले. शिंक आली, खोकला आला किंवा भरलेली बादली उचलली की लघवी सुटते, हे सांगितले. संध्याकाळी घरी येऊन कुलपात किल्ली घातली की अशी घाई होते की चप्पल काढायलाही सवड मिळत नाही, हेही सांगितले. एवढे सगळे बोलताना जीभ अडखळली नाही, मग आकडाच का लपवावासा वाटला?

डॉक्टरबाई शांत होत्या. हे दोन निरनिराळे प्रकार आहेत आणि माझ्यात ते एकत्र आले आहेत, असे त्यांनी सांगितले. खोकताना गळते त्याला 'स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स' म्हणतात. त्यातला स्ट्रेस म्हणजे मनावरचा ताण नव्हे, तर पोटातला दाब. दारात येऊन आवरत नाही तो दुसरा प्रकार, त्यात मूत्राशयाचा स्नायू वेळेआधीच आकसू लागतो. मग त्यांनी दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफून झोळी केली आणि म्हणाल्या की पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची अशी झोळी असते, मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय हे सगळे तिच्यावर पेललेले असते, बाळंतपणात ती ताणली जाते आणि पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झाले की तिथल्या ऊती आणखी नाजूक होतात. मी त्या गुंफलेल्या बोटांकडे पाहत राहिले. माझ्याच शरीरात असे काही आहे, हे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला पहिल्यांदा कोणीतरी सांगत होते.

लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी झाली. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती शिल्लक राहते, हेही सोनोग्राफीत पाहतात. त्यानंतर त्यांनी तीन दिवसांचा एक तक्ता दिला. काय प्यायले, किती प्यायले, लघवीला केव्हा गेले, किती झाली, घाई होती का, कपडे ओले झाले का, असे सगळे त्यात लिहायचे. मोजण्यासाठी खुणांचा प्लास्टिकचा मग घेतला. काल तो कापडी पिशवीत घालून ऑफिसात नेला आणि प्रत्येक वेळी पिशवी घेऊन दोन मजले उतरले, कारण आमच्या मजल्यावर बायकांसाठी सोय नाही.

कालच्या सकाळच्या नोंदी अशा आहेत. ५.४० : १९० मिली. ६.५० : ६० मिली. ७.१५ : ४० मिली. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण चारशे ते पाचशे मिलिलीटर मावते, असे डॉक्टर म्हणाल्या होत्या. ते ४० मिली मगाच्या तळाशी इतके थोडे दिसत होते की कटिंगचा ग्लास अर्धासुद्धा भरला नसता. एवढ्याशासाठी मी रोज दारातून परत फिरते, चप्पल काढते आणि ७.२८ची गाडी चुकणार म्हणून जीव मुठीत धरून स्टेशनपर्यंत धावते. तो मग धुताना मला रडू आले, आणि नळ चालू ठेवून मी रडून घेतले.

डोंबिवलीपासून सीएसएमटी ४८ किलोमीटर आहे, जलद गाडीलाही तासाहून अधिक वेळ लागतो आणि लोकलमध्ये शौचालय नसते. चौदा वर्षे मी याच हिशोबाने जगत आले. सकाळी सहानंतर पाण्याचा घोट घ्यायचा नाही, गडद रंगाचीच सलवार घालायची, पर्समध्ये एक जोड जादा ठेवायचा, निघण्यापूर्वी गरज असो वा नसो एकदा जाऊन यायचे. मला हा शहाणपणा वाटत होता. पाणी तोडले की लघवी दाट होते, ती मूत्राशयाला झोंबते आणि घाई वाढते. शिवाय गरज नसताना पुन्हा पुन्हा गेल्याने मूत्राशयाला थोड्यावरच रिकामे होण्याची सवय लागते, हे परवा कळले. म्हणजे ज्याला मी इतकी वर्षे काळजी घेणे समजत होते, त्यानेच दुखणे पोसले. कुर्ला आणि सायनच्या मध्ये रुळांवर पाणी भरून गाडी अडकली होती त्या जुलैविषयी मी इथे लिहिणार नाही.

एक गोष्ट मात्र आठवते आहे. धाकटीचा जन्म २०११चा. त्याच वर्षी मुंबईत स्त्रियांच्या मुताऱ्यांसाठी 'राइट टू पी' ही मोहीम सुरू झाली. सार्वजनिक मुतारीत पुरुषांना पैसे पडत नव्हते आणि बायकांकडून घेतले जात होते, या अन्यायाविरुद्ध ती होती. पुढे केव्हातरी स्टेशनबाहेर सह्या गोळा करणाऱ्या मुली दिसल्या तेव्हा मी मुद्दाम थांबून सही केली आणि सोबतच्या दोघींनाही करायला लावली. शहरातल्या सगळ्या बायकांसाठी मी सही करू शकले. स्वतःसाठी डॉक्टरांकडे जाणे मात्र सुचले नाही.

सुचले नाही, हेही पूर्ण खरे नाही. धाकटी तीन वर्षांची असताना एका डॉक्टरांपुढे मी हा विषय काढला होता. "दोन बाळंतपणं झाली आहेत, आता हे चालायचंच," एवढे बोलून त्यांनी बेल वाजवली आणि पुढचा पेशंट आत आला. मला राग यायला हवा होता, पण मला हायसे वाटले. आईही असेच म्हणायची. गावी जाताना एसटीत तिच्या पिशवीत जुन्या लुगड्याच्या घड्या असत आणि त्या कशासाठी आहेत, हे आम्ही कोणी विचारले नाही. त्या झोळीच्या स्नायूंसाठी मला व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने परवा सांगितले की हे व्यायाम ज्यांच्या नावाने ओळखले जातात, त्या केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी ते १९४८ मध्ये मांडले. आईचा जन्म १९५०चा. ज्याला पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही, बंद खोलीसुद्धा लागत नाही, असा उपाय तिच्या जन्माआधीच कोणीतरी लिहून ठेवला होता आणि तिने आयुष्यभर लुगड्याच्या घड्या धुतल्या. आईच्या बाबतीत मला यापुढे लिहवत नाही.

पुन्हा त्या सहा महिन्यांकडे येते. आधी वाटले, "इतकी वर्षं काय करत होतात?" असे त्या विचारतील या भीतीने मी आकडा कमी केला असेन. पण त्या तसे विचारणाऱ्या दिसत नव्हत्या. मग वाटले, लाज. पण कुलूप-किल्लीचे सांगताना लाजले नव्हते. आज दुपारी भांडी घासताना उमगले ते असे की, सहा महिने सांगणारी बाई वेळेवर आलेली असते. सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी, ह्यांच्या ब्लडप्रेशरसाठी, थोरलीच्या दातांसाठी मी दवाखान्यांत गेले, आणि तिथे एकदाही तारीख चुकवलेली नाही. त्या बाकावर मला तीच बाई म्हणून बसायचे होते. चौदा वर्षे म्हटले असते, तर त्या सगळ्या तारखांच्या यादीत माझे नाव कुठेच नव्हते, हे मलाच माझ्या तोंडून ऐकावे लागले असते.

हे कळल्यावर आणखी वाईट वाटेल, असे वाटले होते. तसे काही झाले नाही. संध्याकाळी चटई टाकून व्यायामाला बसले. वारा अडवतो तसे आत आणि वर ओढायचे, श्वास रोखायचा नाही, पोट आणि मांड्या सैल ठेवायच्या, पाच मोजेपर्यंत धरायचे आणि तेवढाच वेळ सोडायचे. परवा त्या फिजिओथेरपिस्ट मुलीसमोर केले तेव्हा मी वर ओढण्याऐवजी खाली जोर देत होते आणि तिने हाताने थांबवून ते दुरुस्त केले होते. आज पहिल्या दोन वेळा काहीच जाणवले नाही. तिसऱ्या वेळी आत सुपारीएवढे काहीतरी उचलले गेले आणि पुन्हा खाली बसले. दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने करायचे आहे. त्यानंतर काय फरक पडतो ते बघून पुढचे ठरेल. तीन महिने मला फार वाटत नाहीत. चहा चार कपांवरून दोनवर आणायचा आहे, ते मात्र जड जाणार.

तक्त्यावर नाव आणि तारीख यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा होती. तिथे मी पेनाने '१४ वर्षे' असे लिहिले. गुरुवारी तोंडी सांगायला जमले नाही, तरी त्या वाचतीलच.

रात्री ताईचा फोन आला. परळला कशाला गेली होतीस, असे तिने विचारले तेव्हा आधी काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होते, पण सांगितले. "किती वर्षं?" असे तिने विचारले आणि मी चौदा म्हणाले. ती बराच वेळ काही बोलली नाही. पलीकडे तिच्याकडच्या टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद झाला. मग हळू आवाजात म्हणाली, "अगं, तो मग कुठे मिळतो? आणि त्याच्यावर खुणा असतात का?"