उणे पंचवीस ते पंचेचाळीस अंश : दोन गाड्या आणि वाढणारे ऑइल

नागपूरच्या प्रतापनगरमधल्या आमच्या घरी रविवारची सकाळ बाबांच्या गाडीचे बॉनेट उघडण्याने सुरू होत असे. ते डिपस्टिक, म्हणजे इंजिनातल्या ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, बाहेर काढत, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसत, पुन्हा आत घालत आणि उजेडाकडे धरून ऑइलची रेष कुठे आली आहे ते मला दाखवत. रेष खाली गेली की एक तर कुठेतरी गळती आहे किंवा इंजिन ऑइल पीत आहे, असे ते सांगत, आणि इतकी वर्षे मी तेवढेच धरून चालले होते. त्यामुळे अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमधल्या माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात, बाहेर उणे २५ अंश तापमान असताना, मी बाबांच्याच पद्धतीने माझ्या गाडीची डिपस्टिक काढली आणि ऑइलची रेष वरच्या खुणेच्या पुरती बोटभर वर दिसली, तेव्हा आपल्याकडून मोजण्यात चूक झाली असे मला वाटले. मी तीनदा पुसून पाहिले. रेष तिथेच होती, आणि ऑइलला पेट्रोलचा स्पष्ट वास येत होता.

ही गाडी म्हणजे पेट्रोलवर चालणारी, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) जोडलेल्या इंजिनाची कॉम्पॅक्ट एसयूव्ही. इथे कॉम्पॅक्ट म्हणतात ती गाडी साधारण साडेचार मीटर लांब असते. आपल्याकडे हा शब्द चार मीटरच्या आतल्या गाडीसाठी रूढ झाला, कारण चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि पेट्रोलला १२०० किंवा डिझेलला १५०० सीसीपर्यंतचे इंजिन अशा गाड्यांना करात सवलत मिळत आली आहे. लांबीत फरक असला तरी आतली कल्पना दोन्हीकडे एकच आहे : छोटे इंजिन, त्याला टर्बोची जोड, आणि त्याच्याकडून मोठ्या गाडीचे काम. माझ्या तक्रारीचे मूळही तिथेच आहे.

या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. इंजिन थंडगार असताना पेट्रोल सहज पेट घेत नाही, म्हणून इंजिनाचा संगणक गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडतो. सिलिंडरची भिंत थंड असल्यामुळे त्यातल्या काही थेंबांची वाफ होत नाही, ते भिंतीवरून ओघळतात, पिस्टनच्या रिंगांमधून खाली उतरतात आणि ऑइलमध्ये मिसळतात. इंजिन पुढे अर्धा तास तापले तर हेच पेट्रोल गरम ऑइलमधून वाफेच्या रूपाने निघून जाते आणि इंजिन ती वाफ पुन्हा आत ओढून जाळून टाकते. माझे ऑफिस मात्र घरापासून फक्त ५ किलोमीटरवर आहे. ऑइल कोमट होण्याआधीच मी गाडी बंद करीत होते, संध्याकाळपर्यंत ती पुन्हा गोठत होती, आणि दिवसातून दोन वेळा थोडे थोडे पेट्रोल खाली साचत होते. त्यात मी काळजीपोटी एक चूक करीत होते, ती मोकळेपणाने सांगते. रोज सकाळी घरात बसूनच रिमोटने गाडी सुरू करून मी तिला पंधरा मिनिटे उभ्या-उभ्या तापवत असे. उभी गाडी इतक्या थंडीत नीट तापत नाही आणि त्या सगळ्या वेळात सिलिंडरमध्ये जास्तीचे पेट्रोल जात राहते. इंजिनाचे भले करण्यासाठी मी जे करीत होते, त्यानेच ऑइल पातळ होत होते.

पातळ झालेले ऑइल बेअरिंग आणि कॅमशाफ्ट अशा सतत घासणाऱ्या भागांवर पुरेसा थर धरत नाही आणि झीज वाढते. पातळी फारच वर गेली तर पिस्टनांना जोडलेला, फिरणारा क्रँकशाफ्ट ऑइल घुसळून त्याचा फेस करतो. हे सगळे मला वाचून कळले. गाडी विकणाऱ्या सर्व्हिस सेंटरमध्ये मला मिळालेले उत्तर अगदी छोटे होते : "थंडीत सगळ्याच गाड्यांत असे होते." त्याच भेटीत मी हीटरचीही तक्रार केली होती. छोटे, काटकसरी इंजिन उष्णता कमी वाया घालवते आणि हीटर त्या वाया जाणाऱ्या उष्णतेवरच चालतो, त्यामुळे ऑफिस येईपर्यंत काचेवरची वाफसुद्धा जात नव्हती. त्याला उत्तर तेच आले. मला राग आला तो त्रासापेक्षा या उत्तराचा. सगळ्याच गाड्यांत होते ही गोष्ट खरी असेल, पण म्हणून ती कागदावर लिहायची नाही, हे मला आजही पटत नाही.

बाकीच्या तक्रारी लहान आहेत. पहिल्या कडक थंडीच्या सकाळी टायरच्या दाबाचा पिवळा दिवा लागतो, कारण तापमान साडेपाच-सहा अंशांनी उतरले की टायरमधला दाब जवळपास एक पीएसआयने घटतो. तेव्हा पंक्चरच्या दुकानाकडे धावू नये, हवा भरावी. रस्त्यावरच्या बर्फासाठी टाकलेले मीठ गाडीच्या खालच्या लोखंडाला खाते, म्हणून हिवाळ्यात खालून पाण्याने धुऊन घ्यावी लागते. डॅशबोर्डचे प्लॅस्टिक थंडीत करकरते आणि मधला स्क्रीन जागा व्हायला वेळ घेतो. बॅटरीबद्दल मात्र नागपूरकरांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. बॅटरी थंडीत दगा देते असे दिसते, पण तिचे आयुष्य खरे कुरतडते ते उन्हाने. थंडीत तिची ताकद तात्पुरती कमी होते आणि उरलेले दुबळेपण उघडे पडते, इतकेच. नागपूरच्या सदर भागातल्या उघड्या पार्किंगमध्ये दिवसभर उभी राहणारी गाडी दोन-तीन वर्षांत बॅटरी मागते, त्यात बॅटरी विकणाऱ्याची फसवणूक असेलच असे नाही.

गेल्या मे महिन्यात मी नागपूरला आले होते. पारा पंचेचाळीसच्या घरात होता. हिवाळ्यात ज्या थंडीत मी माझ्या गाडीची डिपस्टिक काढली होती तिच्यात आणि या उन्हात सत्तर अंशांचे अंतर होते. दादाकडे डिझेलवर चालणारी, चार मीटरच्या आतली कॉम्पॅक्ट एसयूव्ही आहे आणि गेले सहा महिने तिचे अ‍ॅव्हरेज घटले आहे, पिकअप गेला आहे आणि मध्येच एक दिवा लागतो, असे तो फोनवर सांगत असे. रविवारी सकाळी, ऊन तापण्याच्या आधी, बाबांनी सवयीप्रमाणे बॉनेट उघडले आणि डिपस्टिक माझ्या हातात दिली. रेष वरच्या खुणेच्या वर होती. "हे असं काऊन होते बाई? मी तर कधी पाहिलं नाही," असे बाबा म्हणाले, आणि मला एकदम माझे मिनिआपोलिसचे गॅरेज आठवले.

दादाच्या गाडीचे कारण माझ्यापेक्षा वेगळे होते, पण त्याची गाडीही तेवढ्याच छोट्या फेऱ्या मारत होती. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर आला. या फिल्टरमध्ये साचलेली काजळी जाळून टाकायला जवळपास ६०० अंश उष्णता लागते. गाडी महामार्गावर सलग पळत असेल तर ती उष्णता बरीचशी आपोआप मिळते. शहरात ती मिळत नाही, म्हणून संगणक ठरावीक वेळाने सिलिंडरमध्ये उशिरा थोडे जादा डिझेल फवारतो, ते पुढे जाऊन जळते आणि फिल्टर तापतो. दादा सकाळी सहा-सात किलोमीटर जाऊन गाडी बंद करतो. फिल्टर तापायला लागतो आणि दादा ऑफिसच्या गेटवर पोहोचतो. साफसफाई अर्धवट राहते, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होते, पुन्हा अर्धवट राहते, आणि प्रत्येक वेळी त्या जादा डिझेलचा थोडा भाग सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतो. बाहेर पंचेचाळीस अंश असले काय आणि उणे पंचवीस असले काय, इंजिनाला त्याचे काम पुरे करायला वेळ मिळाला नाही की ऑइलची पातळी चढते.

एक फरक महत्त्वाचा आहे. पेट्रोल गरम ऑइलमधून उडून जाते, डिझेल सहजी उडत नाही. माझ्या गाडीची रेष आठवड्यातून एकदा तासभर महामार्गावर नेल्याने बरीच खाली येते. दादाच्या गाडीची रेष तशी खाली येत नाही, तिला ऑइलच बदलावे लागते. ते ऑइलही डीपीएफसाठी सांगितलेल्या कमी राखेच्या दर्जाचेच हवे, कारण काजळी जळते पण ऑइलमधून येणारी राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची बसते. बाबांच्या जुन्या मिस्त्रीच्या हातावर माझा पूर्ण विश्वास आहे, आमच्या घरच्या दोन गाड्या त्याने पंधरा-पंधरा वर्षे चालवून दिल्या. पण त्याने प्रेमाने टाकलेले जाड, स्वस्त ऑइल या गाडीला अपाय करील, हे मी त्यालाही समजावून सांगितले आणि त्याने ते समजून घेतले.

ऑइल बदलल्यावर आम्ही चौघे गाडी घेऊन रामटेकला गेलो. जबलपूरच्या रस्त्याने जाऊन-येऊन शंभर किलोमीटर होतात, आणि गिअर थोडा खालचा ठेवून इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वर राहू दिले तर फिल्टरला हवी ती उष्णता मिळते. परतीच्या वाटेवर कामठीच्या अलीकडे डीपीएफचा दिवा विझला. आता दादा दर पंधरवड्याला शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढून वर्ध्याच्या बाजूला एक फेरी मारून येतो. एवढ्या डिझेलचा खर्च त्याला खुपतो आणि तो योग्यच खुपतो. ज्याची रोजची धाव शहरातच आहे त्याला डिझेल गाडी विकताना हे सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य होते, आणि ते कोणी पार पाडले नाही.

मिनिआपोलिसला मला एक वाट सापडली, ती नागपूरच्या वाचकांसाठी लिहून ठेवते. अमेरिकेत वाहनसुरक्षेचे काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेकडे कोणताही मालक तक्रार नोंदवू शकतो, ती सगळ्यांना वाचता येते, आणि कंपन्या आपल्या सर्व्हिस सेंटरांना पाठवतात ती तांत्रिक पत्रकेही तिथेच पाहायला मिळतात. माझ्याच गाडीच्या ऑइलबद्दलचे पत्रक मला तिथे मिळाले. ते छापून घेऊन गेल्यावर संगणकाचे नवे सॉफ्टवेअर वॉरंटीत, विनामूल्य बसले. आपल्याकडे मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम २०१९ मधील कलम ११०अ ने सदोष वाहने परत बोलावण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे, आणि सेवेतील त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच येतो : तुम्ही कधी, काय, कोणाकडे लेखी कळवले?

दादाच्या आधीच्या चारही जॉब कार्डांवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरने तक्रार नोंदवायच्या कागदांवर, फक्त "जनरल चेकअप" लिहिलेले होते. ऑइल बदलण्याच्या आधी, माझ्यासमोर झालेल्या पाचव्या खेपेला सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर तेच लिहू लागला, तेव्हा दादाने पेन मागून घेतले आणि स्वतःच्या अक्षरात लिहिले : "ऑइलची पातळी वरच्या खुणेच्या १५ मिलिमीटर वर. डीपीएफचा दिवा दोन महिन्यांत सहा वेळा. रोजची धाव १४ किलोमीटर. पातळी मोजून नोंद करावी." अ‍ॅडव्हायजरने थोडे कुरकुरत सही केली, दादाने फोटो काढला, आणि बाबांनी ती प्रत त्यांच्या जुन्या गाडीच्या कागदांच्या फायलीत नेऊन लावली.