विश्वास नाही का?

"तीन दातांना कीड आहे, आजच भरून टाकू," म्हणत डॉक्टरांनी ट्रे पुढे ओढला.

दुखत काहीच नव्हतं. मी विचारलं, "एक्स-रे काढून दाखवता का, कुठे आहे ते?"

त्यांचा हात थांबला. "विश्वास नाही का आमच्यावर?"

हे वाक्य दिवसभर डोक्यातून जात नाहीये. विश्वास होता म्हणूनच तर खुर्चीत बसले होते ना!

एक्स-रे निघाला. एका दाढेत काळी सावली इनॅमल (दाताचं वरचं कडक आवरण) ओलांडून आत गेलेली, मलाही स्पष्ट दिसली. ती लगेच भरून घेतली. उरलेल्या दोन ठिकाणी कीड इनॅमलमध्येच होती, खड्डा पडलेला नव्हता. अशी कीड फ्लोराइडने आणि नीट ब्रश केल्याने थांबू शकते. फक्त लक्ष ठेवावं लागतं. ड्रिलने गेलेला दात मात्र परत येत नाही. फिलिंगही कायमचं नसतं, बदलताना आणखी थोडा दात जातोच.

हे सगळं डॉक्टरांनीच सांगितलं, छान समजावून. पण विचारल्यावर.

माझ्या आईने डॉक्टरांना कधीच काही विचारलं नाही. तिला ते उद्धटपणाचं वाटतं. तुमच्या घरी विचारतात का?