उदयनगरला पायी

"जप म्हणायचा नसेल तर नुसती चाल, पण तोंड पाडून चालू नकोस," शेजारच्या काकूंनी निघतानाच बजावलं. त्या कॅथलिक, आम्ही नगरकडच्या मिशनचे प्रॉटेस्टंट. त्यांचं हिंदीतलं 'प्रणाम मरिया' चालू, माझं मनात मराठीतलं 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. मध्य प्रदेशातल्या उदयनगरला सिस्टर राणी मारिया या कॅथलिक ननचं थडगं आहे, ही पदयात्रा तिकडेच. आमच्या घरी कुणाच्या थडग्यापुढे गुडघे टेकत नाहीत. काकूंना सोबत हवी आहे, एवढंच आईला सांगून मी निघाले होते.

भावाच्या कर्जाला मी जामीन राहिले. त्याचं दुकान बसलं, त्याने फोन उचलणं सोडलं आणि हप्ते माझ्या पगारातून जायला लागले. 'कष्टी व भाराक्रांत जनहो' हे येशूचं विसावा देणारं वचन आमच्या बैठकीत लहानपणापासून टांगलेलं आहे. विसाव्याच्या पुढच्याच ओळीत जू खांद्यावर घ्यायला सांगितलंय, ते फ्रेमवाल्याने सोयीने गाळलंय.

फेब्रुवारीअखेरचा माळवा. गहू पिवळा पडत आलेला, पळसाला फुलं, आणि प्रत्येक ट्रॉलीमागे तोंडभर धूळ. ईस्टरआधीचा उपवासकाळ म्हणून काकूंनी चहा सोडला होता. चहा सोडलेल्या माणसाबरोबर चालणं ही निराळीच तपश्चर्या. कंपेल आलं, त्यांच्या नजरेखाली मी एक कट चहा प्यायले, कंपेल गेलं.

दुपारी डाव्या टाचेवरचा फोड फुटला. मोजा कातडीला चिकटला. मंडळी पुढे गेलेली, आणि लांबून "आ जाओ, आ जाओ" म्हणून हात हलवणाऱ्यांचा मला असा राग आला की देवाचं नाव घेववेना. कडेला पंक्चरचं दुकान होतं: पत्र्याचं छप्पर, कॉम्प्रेसर, ट्यूब बुडवून बघायचं घमेलं. म्हाताऱ्याने माझ्या पायाकडे पाहिलं आणि पाटी सरकवली. "बैठो बाई."

घमेल्यातलं काळं पाणी त्याने रस्त्यावर ओतलं. राखेने घमेलं आतून बाहेरून घासलं, हापशावरून दोन खेपा करून भरलं, घरातून मूठभर मीठ आणून ढवळलं. "डालो." माझे पाय इतके घाण होते की मला संकोच वाटला. मीठ झोंबलं तशी मी ओरडलेच. तेवढ्यात एक मोटरसायकलवाला पंक्चर घेऊन आला, ट्यूब काढूनही झाली, पण बुडवणार कशात? "रुको, अभी बाई के पाँव हैं," म्हातारा म्हणाला. तो बिचारा हातात ट्यूब घेऊन माझ्या पायांकडे बघत उभा. मग मोजा अलगद सुटला. म्हाताऱ्याने धुतलेल्या धोतराची पट्टी फाडून टाचेला गुंडाळली आणि ती घसरू नये म्हणून जुन्या ट्यूबचं बारीक कापलेलं रबर वरून चढवलं. पैसे विचारले तर म्हणाला, "हवा के लेता हूँ, पानी के नहीं."

तिथे मी रडले. टाच तोपर्यंत दुखायची थांबली होती. 'सही केलीसच कशाला' हे न विचारता माझ्या दुखण्याकडे कुणी पाहिल्याला फार दिवस झाले होते. काकूंना सांगितलं तर त्यांनी लगेच पवित्र गुरुवारचं, येशूने शिष्यांचे पाय धुतले ते, पाय धुणं काढलं. मला ते नको होतं. पंक्चरवाला पंक्चरवालाच असू दे.

रात्र शाळेच्या ओसरीवर. डास, आणि काकूंचं घोरणं.

नाचनबोरच्या घाटात सगळे आपोआप गप्प झाले. २५ फेब्रुवारी १९९५ ला इथेच इंदूरकडे निघालेली बस थांबवून सिस्टर राणी मारियाला भोसकलं. वय ४१. आदिवासींना ती बचत शिकवत होती, बँकेची वाट दाखवत होती, सावकारांना तेच खुपलं. कर्जातून माणसं सोडवणारी बाई. माझंही खातं जरा बघ, म्हटलं. प्रॉटेस्टंट असून म्हटलं.

उदयनगरला गर्दी, झेंडूच्या माळा, लांबलचक मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना. प्रवचनात ते आलंच: मारेकरी समंदर सिंह, आणि राणी मारियाची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी हिने २००२ साली तुरुंगात जाऊन त्याला बांधलेली राखी. २००६ साली तो सुटला, थडग्यावर येत राहिला. लोक डोळे पुसत होते, माझं डोकं तापलं. खुन्याला राखी बांधता येत असेल. सख्ख्या भावाचं निराळं, त्याचा हप्ता दर महिन्याला येतो. हे मी थडग्याला हात लावून सांगितलं, चांगलं खडसावून. गुडघे कधी टेकले गेले ते कळलं नाही.

मग भिंतीला टेकून बसले आणि झोपले. घंटा, गाणी, कम्युनियनची रांग, काहीच ऐकू आलं नाही. इतकी गाढ झोप घरच्या गादीवर वर्षभर लागली नव्हती. काकूंनी हलवलं तेव्हा माणसं प्रसादाला बसली होती. "देवाच्या दारी घोरत होतीस," त्या म्हणाल्या. कोण बोलतंय!

परतताना बसमध्ये खिडकीवरून आमचं थोडं वाजलं. हप्ता पाच तारखेला आहे. भरणार मीच, पण या खेपेस त्याला आदल्या रात्री टोमणा मारणारा मेसेज टाकायचा नाही, एवढं ठरवलंय. राखीचं पुढे बघू.