डीव्हीआरचं घड्याळ सतरा मिनिटं पुढे होतं

"यंत्र व्यवस्थित चालू होतं, असं तुम्ही लिहून दिलंय ना?" आरोपीच्या वकिलांनी विचारलं. मी म्हणालो, हो.

"मग त्याचं घड्याळ सतरा मिनिटं पुढे कसं?"

2021 च्या फेब्रुवारीतली गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत मी संगणक विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे मी, एक सर्व्हर, आठ शाखांचे कॅमेरे, त्यांचं चित्रण साठवणारी यंत्रं म्हणजे डीव्हीआर, आणि प्रिंटर रुसला की येणारे फोन. 2018 मध्ये आमच्या काउंटरपाशी एका खातेदाराची पैशांची पिशवी कुणीतरी उचलली. फूटेज मी पेनड्राइव्हवर काढून पोलिसांना दिलं आणि हवालदारांनी पुढे केलेल्या मजकुरावर सही ठोकली. तो मजकूर म्हणजे संगणकीय नोंदीची हमी देणारं, पुरावा कायद्याच्या कलम 65-ब चं प्रमाणपत्र, हे मला पिंजऱ्यात उभं राहिल्यावर कळलं. पैसे काढल्याची स्लिप 12.40 ची, आणि चित्रात 12.52 ला खातेदार अजून रांगेतच उभे. मी सांगायला लागलो की साहेब, या डीव्हीआरची घड्याळं पुढे-मागे होतातच, त्याने चित्र खोटं ठरत नाही. वकील शांतपणे म्हणाले, "एवढंच नोंदवा, घड्याळ चुकीचं होतं हे साक्षीदाराला मान्य आहे."

बाकीच्या साक्षींवर त्या केसचं भागलं. माझं भागलं नाही. पंधरा वर्षं मी लॉग, म्हणजे यंत्राने आपोआप ठेवलेली नोंद, हेच सत्य असं धरून चाललो होतो, आणि इथे एक माणूस विचारत होता की लॉगची हमी कोण देणार, कशाच्या जोरावर?

त्याच वर्षी एलएलबीची सीईटी दिली. तेव्हा वय 39. बायको म्हणाली, "घड्याळ लावायला वकील कशाला व्हायला पाहिजे?" उत्तर नव्हतं. कॉलेज सकाळचं. सव्वासातचा तास गाठायला साडेपाचला उठायचं, दहाला सुटलं की तसंच मोटारसायकलवरून कामावर. हजेरी, अंतर्गत गुण, सबमिशनच्या फायली, ते सगळं सगळ्यांचं असतं तसंच.

पहिल्या वर्षी त्रास झाला तो शब्दांचा. आमच्याकडे डिफॉल्ट म्हणजे आपण काही न निवडता जे आपोआप मिळतं ते; कायद्यात डिफॉल्ट म्हणजे कसूर. आमच्याकडे एक्झिक्यूट केलं की प्रोग्रॅम चालतो. तिकडे दस्त निष्पादित होतो, म्हणजे सह्या होऊन पुरा होतो, आणि हुकूमनाम्याचं एक्झिक्यूशन म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीची दरखास्त, जी वर्षानुवर्षं चालते. मराठीतून पेपर लिहायचं ठरवल्यामुळे एक बरं झालं. इंग्रजी शब्द ओळखीचा आहे म्हणून पुढे सरकण्याची सोय राहिली नाही.

पुराव्याच्या तासाला जालन्याचा निकाल आला. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालय, 14 जुलै 2020. जालना विधानसभा, 2014. मतांचा फरक 296. वाद असा की 27 सप्टेंबरला दुपारी 3 ची मुदत टळून गेल्यावर उमेदवारी अर्ज घेतले. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणात ती वेळ होती, पण प्रमाणपत्र कुणी देईना. वाचताना मला हसूच आलं. इथेही घड्याळच! न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरण त्याच्या मालकाने स्वतः पिंजऱ्यात येऊन हजर केलं तर प्रमाणपत्र नको. प्रत द्यायची असेल तर हवंच. मात्र तुम्ही सगळे प्रयत्न करूनही ज्याच्या हातात आहे तो ते देत नसेल, तर अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करत नाही. निवड रद्द करणारा औरंगाबाद खंडपीठाचा निकाल कायम राहिला.

मग मी 65-ब मुळातून वाचलं. त्यात अट आहे की त्या काळात संगणक व्यवस्थित चालू असला पाहिजे; आणि बिघाड असेलच, तर त्याचा नोंदीच्या अचूकतेवर परिणाम होणारा नसावा. म्हणजे मला त्या दिवशी एकच वाक्य आधी लिहून द्यायचं होतं: घड्याळ 17 मिनिटं पुढे आहे, अमुक तारखेला पडताळलं. पळवाट नव्हे, कायद्याने दिलेली सरळ वाट होती ती, आणि मी ती न वाचता सही करून मोकळा झालो होतो.

हे कलम आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याबरोबर 2000 मध्ये आलं, आणि त्याचा साचा इंग्लंडच्या 1968 च्या दिवाणी पुरावा कायद्यातला. गंमत म्हणजे इंग्लंडने स्वतः ती तरतूद 1995 मध्येच काढून टाकली होती. त्यांनी टाकलेला कोट आपण पाच वर्षांनी शिवून घेतला, असं मी ट्यूटोरियलमध्ये लिहिलं आणि स्वतःवर खूश झालो. सरांनी समासात एवढंच लिहिलं: "काढल्यावर तिकडे काय झालं ते वाचा."

वाचलं, आणि तीन रात्री नीट झोप लागली नाही. फौजदारी खटल्यांसाठीची तशीच अट त्यांनी 1999 मध्ये काढली. तेव्हापासून, उलट काही दाखवलं गेलं नाही तर, संगणक बरोबरच चालत होता असं न्यायालयं धरून चालू लागली. त्याच सुमारास ब्रिटिश पोस्टाच्या शाखांत होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली बसली, फुजित्सुची. काउंटरवर नसलेली तूट ती दाखवायची. शाखा चालवणारे सांगत राहिले की आम्ही पैसे घेतले नाहीत. पण यंत्र बरोबर हे गृहीत, तेव्हा चूक दाखवून देण्याचा भार त्यांच्यावर, आणि यंत्राच्या आतलं काही त्यांच्या हातात नाही. 900 हून अधिक लोकांना शिक्षा झाल्या. काही तुरुंगात गेले. 2024 मध्ये संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा सरसकट रद्द कराव्या लागल्या.

आमच्याकडे दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या शाखेत कॅश जुळत नाही. मी सिस्टीमवर बघतो आणि कॅशियरला फोनवर सांगतो, "सिस्टीम बरोबर आहे, तुमचंच बघा." किती जणांना म्हटलं असेन? एका कॅशियर मावशींनी एकदा 500 रुपये पदरचे भरले होते. नंतर मी तो दिवस शोधायला गेलो, तर तेव्हाचा लॉग केव्हाच पुसला गेलेला.

प्रमाणपत्राला कटकट म्हणणं मी तेव्हापासून सोडलं.

तंत्रज्ञान पळतं आणि कायदा मागून धापा टाकत येतो, असं आमच्या क्षेत्रात सगळे म्हणतात. एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इनने, म्हणजे सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी यंत्रणेने, निर्देश काढले: लॉग 180 दिवस ठेवा, ठरावीक सायबर घटना 6 तासांत कळवा, आणि सर्व्हरची घड्याळं एनआयसी या सरकारी संगणक केंद्राच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवा. हे वाचून मी डिस्क वाढवून मागितली. व्यवस्थापक खर्चाला तयार नव्हते. कागद दाखवल्यावर झाले. आमच्या सर्व्हरची मांडणी त्या वर्षी एका सरकारी कागदाने बदलली.

उलटंही होतं. 2000 च्या कायद्याने डिजिटल सही कोणत्या पद्धतीच्या गणिताने करायची तेही लिहून टाकलं होतं, आणि दुसऱ्या पद्धतींना जागा द्यायला 2008 ची दुरुस्ती लागली. शेवटच्या सत्रात पुरावा कायद्याच्या जागी येणाऱ्या नव्या भारतीय साक्ष अधिनियमाचा मजकूर हातात आला. प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या अंगठ्याचा ठसा, लिहायची जागा होती. फार आनंद झाला. मग हॅश काढायच्या पद्धतींचे पर्याय पाहिले: एसएचए-1, एसएचए-256, एमडी-5, इतर. एमडी-5 तर 2004 मध्येच फुटलंय, म्हणजे दोन वेगळ्या फाइलींचा ठसा एकच काढता येतो! दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन गेलो. गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी 2017 मध्ये दोन पीडीएफ प्रसिद्ध केल्या आहेत, एक निळी, एक लाल. दोन्हींचा एसएचए-1 काढून वर्गात दाखवला: अक्षरन् अक्षर तोच. एसएचए-256 काढला: साफ वेगळा. सरांनी चष्मा वर करून दोनदा पाहिलं. "हे आरोपीच्या वकिलांना सांगू नका," म्हणाले, आणि मग, "नाही, सांगा. सांगायलाच पाहिजे."

मी 65-ब पाठ करून परीक्षा दिली आणि 1 जुलै 2024 ला त्याचं नव्या अधिनियमातलं कलम 63 झालं. सनद घेतलेली नाही. पूर्णवेळ पगारी नोकरी असताना वकिली करता येत नाही, आणि नोकरी सोडण्याएवढी हिंमत नाही.

मागच्या महिन्यात पुन्हा फूटेज मागायला पोलीस आले. नव्या नमुन्याचा भाग अ मी भरायचा आणि भाग ब तज्ज्ञाने. तालुक्यात तज्ज्ञ कुठून आणणार? हवालदार म्हणाले, "तुम्ही आता वकील झालात ना, दोन्हीकडे तुम्हीच करा सही." नाही म्हटलं. साताऱ्याहून माणूस येईपर्यंत दोन दिवस गेले. नमुन्यात उपकरणाचा रंगसुद्धा विचारतात. काळा, लिहिलं. अनुक्रमांक, हॅश, एसएचए-256 वर खूण. डीव्हीआरचं घड्याळ दिल्लीच्या वेळेशी ताडून फरक 2 सेकंद, तेही जोडलं.

शेवटी सहीखाली तारीख आणि वेळ, भारतीय प्रमाणवेळेनुसार, चोवीस तासांच्या पद्धतीने. सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून 16:10 लिहिणार, तेवढ्यात आठवलं की स्टाफ वेळेवर यावा म्हणून व्यवस्थापकांनी ते पाच मिनिटं पुढे ठेवलंय. मोबाइल काढला आणि 16:05 लिहिलं.